वुक ब्रांकोविच फितूर होता का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

सर्ब आणि उस्मानी तुर्क यांच्यात 1389 साली झालेल्या कोसोवोच्या लढाईवरच्या लेखात वुक ब्रांकोविचचा उल्लेख एका ओळीत आला होता: सर्बियन राज्यकर्ता लाझार याचा जावई, उजव्या बगलेचा सेनापती आणि सर्बियन लोकपरंपरेतला फितूर. त्या एका ओळीवर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतो आहे. वुकवर शतकानुशतकं अन्याय झाला आहे असं माझं मत आहे, आणि ते लपवून उत्तरं देता येणार नाहीत.

प्रश्न: हा वुक ब्रांकोविच मूळचा कुठला? त्याचं घराणं किती मोठं होतं?

घराणं चांगलंच मातब्बर होतं. वडील ब्रान्को म्लादेनोविच हे सम्राट दुशानचे बडे सरदार. ओह्रिद शहर आणि भोवतालचा मुलूख त्यांच्याकडे होता. वडिलोपार्जित जमीन कोसोवोतल्या द्रेनित्सा भागात. वुकचा जन्म साधारण 1345 चा, म्हणजे सर्बियन साम्राज्याच्या ऐन भरातला. पुढच्याच वर्षी दुशानचा स्कोपयेत सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला. पण 1355 मध्ये दुशान वारला. त्याचा मुलगा उरोश याच्या हाती नुसतं नाव उरलं आणि जो तो सरदार आपापल्या मुलखाचा धनी झाला.

त्यानंतर आलं 1371. सप्टेंबरात मारित्सा नदीकाठी उस्मानी फौजेने वुकाशिन आणि उग्लेशा या दोन भावांचं सैन्य कापून काढलं. दोघेही पडले आणि दक्षिणेकडचे सगळ्यांत बलाढ्य सर्बियन सरदार एका दिवसात संपले. डिसेंबरात उरोशही गेला. या पोकळीत दोन माणसं वर आली. उत्तरेत मोरावाच्या खोऱ्यात लाझार, दक्षिणेत कोसोवोत वुक. लाझारची थोरली मुलगी मारा हिचं वुकशी त्याच सुमारास लग्न झालं. लाझारला कोसोवोकडे भरवशाचा माणूस हवा होता आणि वुकला पाठीशी मोठं घर. पुढची अठरा वर्षं हे नातं टिकलं. लाझारशी वुकने वैर धरल्याची एकही नोंद त्या काळातल्या कागदपत्रांत नाही.

वुकची ताकद कशात होती, हे बघायचं तर त्रेप्चाच्या खाणी बघाव्यात. तिथे चांदी निघे. ती काढणारे सॅक्सन वंशाचे खाणकामगार आणि ती विकत घेणारे दुब्रोव्निकचे व्यापारी. 1378 मध्ये जुराज बालशिच हा सरदार वारल्यावर प्रिझ्रेनसारखी भरभराटीची बाजारपेठही वुककडे आली. पुढे स्कोपयेही त्याच्या अमलाखाली होतं. त्याने स्वतःच्या नावाची चांदीची नाणी पाडली आणि जानेवारी 1387 मध्ये दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांना सवलतींची सनद दिली. एवढं असूनही त्याने मोठी पदवी घेतली नाही. कागदोपत्री तो साधा 'गोस्पोदिन', म्हणजे धनी, एवढाच राहिला.

प्रश्न: लढाईच्या दिवशी तो सैन्य घेऊन पळाला, असं मी वाचलं आहे. नेमकं काय घडलं?

लढाई झाली जुन्या पंचांगाप्रमाणे 15 जून 1389 ला, संत वीतच्या दिवशी. आज तो दिवस 28 जूनला येतो. जागा प्रिश्तिनाजवळचं कोसोवोचं मैदान, म्हणजे वुकच्याच मुलखातली. परंपरेने सांगितलेली मांडणी अशी: मधे लाझार, उजवीकडे वुक, डावीकडे बोस्नियाचा राजा त्वर्त्को याने पाठवलेला व्लात्को वुकोविच. समोर सुलतान मुराद, आणि त्याचे मुलगे बायेझिद व याकूब.

दिवस मावळेपर्यंत दोन्हीकडचे धनी मेले होते. मुरादला एका सर्बियन योद्ध्याने मारलं. लाझार पकडला गेला आणि त्याचं शिर उडवलं गेलं. बायेझिदने तिथेच सख्ख्या भावाला, याकूबला, मारवून गादी घेतली आणि फौज घेऊन तो परतला. विजय कुणाचा, हे त्या उन्हाळ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्वर्त्कोने तर 1 ऑगस्टला त्रोगिर शहराला आपणच जिंकल्याचं पत्र धाडलं. ऑक्टोबरात फ्लॉरेन्सने त्याला अभिनंदनाचं उत्तर लिहिलं आणि तुर्कांची फळी फोडून मुरादपर्यंत पोचलेल्या बारा वीरांचा गौरव केला.

या पत्रांत फितुरीचा एक शब्द नाही. वुक रणांगणातून जिवंत परतला, एवढं मात्र खरं. पण व्लात्कोही जिवंत परतला, आणि त्याला कुणी फितूर म्हणत नाही. मधली फळी कोसळली आणि सेनापती पडला, तर उरलेली माणसं घेऊन मागे सरणं यात मला काही वावगं दिसत नाही. ती माणसं पुढच्या तीन वर्षांत उपयोगी पडली.

प्रश्न: पण फितूर असेल तर बायेझिदकडून त्याला काहीतरी मिळालंच असेल. घरका भेदी लंकादाह!

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. फितुराला बक्षीस मिळतं. वुकला काय मिळालं ते पाहू.

लाझारच्या मागे राहिली त्याची विधवा मिलित्सा आणि अल्पवयीन मुलगा स्तेफान. लढाईला काही महिने होत नाहीत तोच उत्तरेकडून हंगेरीचा राजा झिगमुंड चालून आला आणि त्याने बोराच व चेस्तिन हे किल्ले घेतले. दोन बाजूंनी कोंडी झाल्यावर मिलित्साने बायेझिदचं मांडलिकत्व पत्करलं आणि धाकटी मुलगी ओलिवेरा सुलतानाच्या जनान्यात गेली. त्या बाईने काय गिळून हा निर्णय घेतला असेल, याची कल्पना करवत नाही. मी तिला दोष देत नाही.

वुकने मात्र मान तुकवली नाही. लाझारच्या घराने तह केल्यावरही तो एकट्याने तग धरून होता. 1392 च्या आरंभापर्यंत स्कोपये त्याच्या हातून गेलं. दक्षिणेची वाट उघडी पडली, तेव्हा कुठे तो खंडणीला तयार झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातल्या त्याच्या एका सनदेत तुर्कांना द्यायच्या खंडणीचा उल्लेख येतो.

मांडलिक झाल्यावरही तो मनापासून मांडलिक झालाच नाही. 1395 मध्ये वलाखियातल्या (आजच्या रोमानियातल्या) रोविनेच्या लढाईत बायेझिदच्या बाजूने स्तेफान लाझारेविच होता, राजा मार्को होता, कोन्स्तान्तिन देयानोविच होता. वुक नव्हता. सप्टेंबर 1396 मध्ये निकोपोलिसला युरोपातल्या सरदारांची मोठी फौज बायेझिदवर चालून आली. तिथे ऐन वेळी झिगमुंडच्या सैन्यावर तुटून पडून सुलतानाचा विजय पक्का केला तो स्तेफानच्या सर्बियन घोडेस्वारांनी. वुक तिथेही नव्हता.

त्याची किंमत लगेच चुकवावी लागली. बायेझिदने वुकचा मुलूख काढून घेतला आणि त्यातला बहुतेक भाग स्तेफानला दिला. वुकला कैद झाली आणि 6 ऑक्टोबर 1397 ला तो तुर्कांच्या कैदेत मेला.

आता हा हिशेब समोर ठेवा. रोविनेला सुलतानाकडून लढता लढता पडलेला मार्को हा सर्बियन पोवाड्यांचा सगळ्यांत लाडका नायक. निकोपोलिस गाजवणारा स्तेफान पुढे संत म्हणून पूजला गेला. आणि सुलतानासाठी तलवार उपसायचं नाकारून तुरुंगात मेलेला माणूस फितूर! मार्को आणि स्तेफान यांना मी कमी लेखत नाही. मांडलिकाला लढाईला जावंच लागे. पण ज्या मापाने त्यांना मोजलं, ते माप वुकला का लावलं नाही, हे मला आजतागायत पटलेलं नाही.

प्रश्न: मग हा आळ आला कुठून? कुणीतरी मुद्दाम घातला का?

एका माणसाचं हे काम नाही. गोष्ट हळूहळू साचत गेली.

पहिला धागा 1430 च्या दशकातला. स्तेफानचं चरित्र लिहिणारा कोन्स्तान्तिन हा विद्वान सांगतो, की सुलतानाला मारणाऱ्या वीराबद्दल मत्सरी लोकांनी धन्याचे कान भरले होते आणि आपली निष्ठा सिद्ध करायला तो निघाला. कान भरणाऱ्यांची नावं तो देत नाही. त्याच शतकाच्या अखेरीस तुर्कांच्या सैन्यात काही वर्षं काढलेला ओस्त्रोवित्साचा कोन्स्तान्तिन मिहाइलोविच सरदारांच्या आपसांतल्या दुहीला दोष देतो. तिथेही वुकचं नाव नाही.

म्हणजे चुगलखोराची जागा गोष्टीत तयार होती, पण रिकामी होती. तिथे वुकला स्पष्टपणे बसवलं 1601 मध्ये. दुब्रोव्निकचा बेनेडिक्टाइन साधू मावरो ओरबिनी याने इटालियनमध्ये स्लाव लोकांचा इतिहास छापला आणि त्यात वुकला नाव घेऊन दोषी ठरवलं. 1722 मध्ये पीटर द ग्रेटच्या आज्ञेने या ग्रंथाचा रशियन अनुवाद निघाला आणि सर्बियन वाचकांपर्यंत तो पोचला. गुस्ले वाजवत गाणाऱ्या शाहिरांनी तर लाझारच्या शेवटच्या जेवणाचा प्रसंग असा रंगवला की येशूचं शेवटचं भोजन आठवावं. लाझार हुतात्मा, मग येशूला दगा देणाऱ्या शिष्यासारखा एक यहूदा लागणारच. एकदा कानफाट्या नाव पडलं ते पडलं.

यहूदा वुकच का, याचं एक उत्तर घरच्या भांडणात आहे. वुकच्या मुलखाचा वाटा स्तेफानला गेल्यावर दोन घराण्यांत उघड वैर पेटलं. नोव्हेंबर 1402 मध्ये ग्राचानित्साजवळ त्रिपोल्येला लाझारचा मुलगा आणि वुकचा मुलगा समोरासमोर लढले, आणि वुकच्या मुलाच्या बाजूने तुर्कांची कुमक होती. दुसरं उत्तर काही अभ्यासक सुचवतात ते मला जास्त पटतं. 1448 मध्ये कोसोवोच्याच मैदानावर हंगेरीचा सेनापती हुन्यादी तुर्कांशी लढला. तेव्हा सर्बियाचा राज्यकर्ता होता वुकचा मुलगा जुराज. तो अलिप्त राहिला, आणि हरून परतणाऱ्या हुन्यादीला त्याने स्मेदेरेवोत अडकवून ठेवलं. कोसोवो, ब्रांकोविच आणि न लढणं, या तीन गोष्टी लोकांच्या आठवणीत एकत्र आल्या आणि मुलाच्या नावावरचं खापर बापाच्या माथी फुटलं.

एकोणिसाव्या शतकात इलारिओन रुवारात्स या मठाधिपती असलेल्या इतिहासकाराने जुनी कागदपत्रं तपासून हा आळ निराधार असल्याचं मांडलं. पोवाडे म्हणजे इतिहास, अशी श्रद्धा असलेल्या समाजात धर्मगुरूने असं लिहायला मोठं धैर्य लागतं. त्याच्यावर टीकेची झोड उठली, तरी तो मागे हटला नाही.

प्रश्न: मुरादला मारणारा मिलोश ओबिलिच तरी खरा होता का?

सुलतान सर्बियन योद्ध्याच्या हातून मेला, हे नक्की. सुरुवातीच्या कागदांत त्याचं नाव येत नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते 'मिलोश कोबिला' असं येतं आणि 'ओबिलिच' हे रूप त्याच्याही बरंच नंतरचं. पोवाड्यांत मिलोश आणि वुक साडू आहेत, त्यांच्या बायकांचं कुणाचा नवरा शूर यावरून भांडण होतं आणि तिथून वैर सुरू होतं. हा भाग सरळ कथाकारांचा.

प्रश्न: वुकच्या बायकोचं काय झालं? एकीकडे नवरा कैदेत, दुसरीकडे तोच मुलूख सख्ख्या भावाकडे.

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार, कारण माराबद्दल फार कमी लिहिलं जातं. तीन मुलं पदरात: ग्रगुर, जुराज आणि लाझार. धाकट्याला आजोबांचं नाव दिलेलं, तेही ध्यानात घ्यावं. नवरा गेल्यावर तिने खंडणी भरून आणि सुलतानाची मर्जी राखून मुलांसाठी मुलखाचा काही भाग परत मिळवला. 1402 मध्ये अंकाराजवळ तैमूरने बायेझिदचा पाडाव केला. त्या लढाईत तैमूरकडे हिंदुस्थानातून नेलेले हत्ती होते. चारच वर्षांपूर्वी त्याने दिल्ली लुटली होती. माराचा भाऊ स्तेफान आणि तिची मुलं त्या दिवशी बायेझिदकडून लढली. तिथून परतताना मामा-भाच्यांचं बिनसलं आणि पुढे त्रिपोल्ये घडलं.

मुलांपैकी ग्रगुर साधू होऊन 1408 मध्ये वारला. लाझारला 1410 मध्ये बायेझिदचा मुलगा मुसा याने मारलं. उरला जुराज. मामाशी त्याचा समेट झाला, आणि निपुत्रिक स्तेफानने त्यालाच वारस नेमलं. 1427 मध्ये स्तेफान गेला आणि सर्बियाची गादी वुकच्या मुलाकडे आली. स्तेफानला आपला बाप वुकच्या फितुरीने मेला असं वाटत असतं, तर त्याने हे केलं असतं का? माराने मात्र हा दिवस पाहिला नाही; ती वर्षभर आधी गेली होती.

प्रश्न: यातलं आज काय पाहता येतं?

कोसोवोच्या मैदानावर प्रिश्तिनाच्या उत्तरेला मुरादची कबर आणि गाझिमेस्तानचा स्मारक-मनोरा आहे. ग्राचानित्साचा मठ तिथून जवळच. राजा मिलुतिनने बांधलेला, आतली भित्तिचित्रं सावकाश पाहावीत. सर्बियात रावानित्साच्या मठात लाझारचे अवशेष आहेत, आणि डॅन्यूबकाठी स्मेदेरेवोचा जुराजने बांधलेला प्रचंड किल्ला आहे. वेळ एकाच जागेसाठी असेल तर स्मेदेरेवो निवडा, बेलग्रेडहून एका दिवसात होतं.

कोसोवोने 2008 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं, पण सर्बियाने आणि भारतानेही त्याला मान्यता दिलेली नाही. तिसऱ्या देशातून थेट कोसोवोत उतरून मग सर्बियात शिरू पाहणाऱ्याला सर्बियाच्या सीमेवर परत पाठवलं जाऊ शकतं. म्हणून दोन्हीकडे जायचं असेल तर आधी सर्बिया, मग कोसोवो असा क्रम ठेवा, आणि व्हिसाचे त्या वेळचे नियम तिकीट काढण्यापूर्वी तपासा.