घासभरही पोटात ठरत नाही, बाळाचं कसं होणार?

"मॅडम, दोन टोस्ट आणि चार घोट पाणी, एवढंच पोटात राहतं. बाळ उपाशी राहत असेल ना?" गरोदरपणाचा नववा आठवडा सुरू असलेली ती हे विचारतानाच रडायला लागली. गोळी नको, सगळं नैसर्गिकच हवं, हेही तिने लगेच सांगून टाकलं.

तिला मळमळीपेक्षा अपराधीपणाचा त्रास जास्त होत होता. घरात जो तो "दोन जिवांचं खा" म्हणत होता. म्हणून आधी तेच बोललो. नवव्या आठवड्यात बाळ जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरचं असतं आणि पहिल्या 3 महिन्यांत आईला जास्तीच्या अन्नाची गरजही नसते. त्रास साधारण नवव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतो आणि बहुतेकींना सोळाव्यापर्यंत बराच आराम पडतो. हे ऐकून ती जरा सैलावली.

मग तिचा आदला दिवस तासातासाने लिहून काढला. रात्री आठला चार घास, त्यानंतर सकाळी दहापर्यंत काहीच नाही. उलटीच्या भीतीने ती खाणं टाळत होती, पण पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढतेच. शिवाय लोह असलेली गोळी ती सकाळी अनशापोटी घेत होती. लोहामुळे अनेकींना ढवळतं. तिच्या डॉक्टरांनी काही आठवडे ती थांबवून फक्त फोलिक ॲसिड चालू ठेवलं. अशी गोळी आपल्या मनाने मात्र बंद करू नका.

उशाशी कोरड्या बिस्किटांचा डबा आला. जाग आल्यावर पडल्या पडल्याच दोन बिस्किटं खायची, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग सावकाश उठायचं. दर दोन तासांनी थोडं काहीतरी खायचं. पाणी जेवणासोबत नको, अधूनमधून घोट घोट. गरम पदार्थाचा वास जास्त येतो, म्हणून तिने जेवण गार करून खायला सुरुवात केली. कांदा परतायला लागला की तिला उमासे येत, तेव्हा स्वयंपाक नवऱ्याने हाती घेतला. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक यानेच पडला.

आल्याचा उपयोग होतो, उलटीपेक्षा मळमळीवर जास्त. अभ्यासांत सुंठीचं प्रमाण बहुधा दिवसाला एक ग्रॅमच्या आसपास, तेही विभागून दिलेलं असतं. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटांवर दाब दिल्यानेही काहींना बरं वाटतं. उलटीनंतर लगेच ब्रश करू नका, नुसती चूळ भरा. आम्लाने दातांवरचा थर मऊ झालेला असतो.

दहा-बारा दिवसांत तिच्या उलट्या कमी झाल्या, पण संध्याकाळची मळमळ राहिली. नैसर्गिक उपायांचा हट्ट कुठे सोडायचा, हे मी प्रत्येकीला स्पष्ट सांगते. दिवसभर पाणीही ठरत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा ती गडद होत असेल, वजन उतरत असेल, चक्कर येत असेल, उलटीत रक्त दिसलं, ताप आला किंवा पोटात दुखलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिला यातलं काही नव्हतं. तरीही ती डॉक्टरांशी बोलली आणि त्यांनी मळमळीसाठी दिलेली बी-6 जीवनसत्त्वाची गोळी रोज घेऊ लागली.