हिवाळी सायकल: बेल्टवर एवढे पैसे घालावेत का?

नमस्कार,

बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेल्या रस्त्यावरून रोज 16 किलोमीटर, दोन हिवाळ्यांत दोन चेन आणि दोन कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) झिजून गेल्या. आता अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांतून बेल्ट (चेनऐवजी दातेरी पट्टा) आणि गिअर-हबची (मागच्या चाकाच्या मध्यभागी बंद डब्यात गिअर असलेली) नवी सायकल घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आत्ता नको, आणि त्या पैशांतून तर मुळीच नको.

आधी खर्च कुठे होतोय ते बघा. खारट चिखल चेनच्या पिना झिजवतो, चेन लांबते आणि लांबलेली चेन कॅसेटचे दाते खाते. नव्या चेनच्या 24 कड्या 304.8 मिलिमीटर भरतात. 11 गिअरच्या चेनमध्ये त्यात दीड मिलिमीटर भर पडली की ती बदलायची. दर हिवाळ्याला कॅसेटही गेली, म्हणजे बहुधा चेन उशिरा बदलली गेली. हा खर्च मोजपट्टीने वाचतो, त्यासाठी नवी सायकल लागत नाही. बिलातले ब्रेक पॅड आणि रिमही (चाकाची धातूची कड) वेगळे काढा. ते बेल्ट लावला तरी झिजणारच.

बेल्टला गंज नाही, तेल नाही, आयुष्य चेनच्या कितीतरी पट. पण तो मधून उघडता येत नाही. मागच्या त्रिकोणात (मागचं चाक धरणाऱ्या नळ्यांत) बेल्ट आत घालण्यापुरता उघडणारा सांधा असलेली फ्रेम लागते, आणि जुन्या सायकलींत ती सहसा नसते. म्हणजे अख्खी सायकल आली. वर हबची देखभाल वेगळी: रोलॉफ कंपनीच्या 14 गिअरच्या हबचं तेलसुद्धा 5000 किलोमीटरला बदलावं लागतं. दोन वर्षांत शहर सोडण्याची शक्यता तुम्हीच लिहिलीय. तेवढ्यात हा खर्च वसूल होत नाही.

मला मधला रस्ता जास्त पटतो. आहे त्याच फ्रेमवर 8 गिअरच्या हबचं मागचं चाक, साधी जाड चेन आणि पूर्ण बंद चेनकव्हर. चेन सरळ रेषेत धावते, चिखलही लागत नाही. मात्र चाक बसवायच्या खाचा आडव्या आहेत का ते आधी दुकानात दाखवा. उभ्या असतील तर चेन ताणायला टेन्शनर लागेल आणि बंद कव्हर बसणार नाही. मग हा बेतही सोडा आणि आहे तीच सायकल वेळेवर चेन बदलून चालवा. वाट सपाट असेल तर एकाच गिअरची सायकल सगळ्यात स्वस्त पडेल, पण चढांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही.

मुक्काम लांबणार हे नक्की झालं, तर बेल्टसाठी दरमहा वेगळी रक्कम बाजूला टाकायला लागा.