मिसिसागातील स्कंक आणि तुमचा कुत्रा

सप्रेम नमस्कार,

जूनमध्ये कुत्र्यासह कॅनडातील मिसिसागाला येत असल्याचे कळवून तुम्ही विचारले आहे, की परसात येणारे स्कंक, म्हणजे शेपटीखालून दुर्गंधी फवारा मारणारे काळे-पांढरे प्राणी, हे आपल्या उदमांजरासारखेच असतात का. वास वगळला, तर दोघांत जवळचे नाते नाही. उदमांजर मुंगसाच्या आणि मांजराच्या बाजूचे. स्कंक पाणमांजर आणि रकून यांच्या बाजूचा. पूर्वी तर त्याला पाणमांजराच्याच कुळात धरत, पण १९९०च्या दशकात डीएनएच्या अभ्यासानंतर त्याचे कुळ वेगळे मानले गेले. त्याचे आशियातील भाऊबंद इंडोनेशिया, मलेशिया आणि फिलिपिन्समध्ये आढळतात. भारतात एकही नाही, त्यामुळे तुमच्या कुत्र्याला हा प्राणी सर्वस्वी नवा असेल.

स्कंक सहसा आधी इशारा देतो. आमच्या कुत्र्यासमोर त्याने पुढचे पाय जमिनीवर आपटले, शेपटी उभारली. आमचे चिरंजीव मात्र शेपटी हलवत पुढे गेले. फवारा तीन मीटरपर्यंत नेमका बसतो. त्यातील थायॉल हे आपल्या गॅस सिलिंडरला मुद्दाम वास देणाऱ्या रसायनाच्याच जातीचे, पण जवळून तो जळका रबर आणि लसूण एकत्र केल्यासारखा येतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने आम्ही टोमॅटोचा रस चोळला. कुत्रा लालसर झाला, वास जागच्या जागी राहिला.

नुसत्या पाण्याने अंघोळ घालू नये, कारण फवाऱ्यातील काही घटक ओले झाले की पुन्हा वास सोडू लागतात. तीन टक्क्यांचे एक लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा आणि भांडी घासण्याच्या लिक्विडचे एक-दोन चमचे उघड्या बादलीत कालवून, डोळे सांभाळून, पाचेक मिनिटे केसांत मुरवावे आणि मग धुवावे. हे मिश्रण बाटलीत भरून ठेवल्यास वायू साठून बाटली फुटते, म्हणून सामान सुटे ठेवावे. रात्री अकराला दुकान शोधत फिरण्याची हौस मी भागवून घेतली आहे.

वासापेक्षा स्कंकच्या चाव्यातून होऊ शकणाऱ्या रेबीजची काळजी अधिक घ्यावी. मिसिसागा ज्या प्रांतात आहे, त्या ऑन्टॅरिओत तीन महिन्यांवरील कुत्र्यांना ही लस सक्तीची आहे, आणि चावा दिसला तर लस झालेली असली तरी लगेच पशुवैद्य गाठावा.

घर पाहताना लाकडी डेकखालची फट अवश्य पाहा, मात्र जूनमध्ये ती घाईने बुजवू नका. त्या दिवसांत आत स्कंकची पिल्ले असू शकतात.