गाड्या उभ्या राहिल्या, आता हिशोब

प्रिय मित्रा,

कंपनीच्या दिवाळखोरीची सूचना पेपरात आली आणि कळंबोलीच्या ऑफिसात ड्रायव्हर, क्लीनर, मेकॅनिक सगळे तुझ्याच टेबलाभोवती जमले, असं तू कळवलंस. इंग्रजी कागद वाचणारा तिथे तू एकटा. म्हणजे हे पत्र तुझ्यासाठी आहेच, पण त्या सगळ्या घरांसाठीही आहे. सावकाश वाच आणि आज रात्रीच कामाला लाग.

ती सूचना पुन्हा समोर घे. तिला फॉर्म ए म्हणतात. त्यातल्या तीन गोष्टी वहीत उतरव: प्रक्रिया सुरू झाल्याची तारीख, अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनलचा पत्ता आणि ईमेल, आणि दावे देण्याची शेवटची तारीख. एनसीएलटीने, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, अर्ज दाखल करून घेतला की कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून निघून या प्रोफेशनलकडे, म्हणजे आयआरपीकडे जातो. त्यामुळे ‘दिवाळीपर्यंत सगळ्यांचे चुकते करतो’ असं शेठ तोंडी सांगत असतील, तरी ते देणं आता त्यांच्या हातात उरलेलं नाही. दाव्यासाठी १४ दिवस मिळतात, पण ते आयआरपीच्या नेमणुकीपासून मोजतात. पेपर हातात पडेपर्यंत त्यातले दोन-तीन दिवस गेलेलेच असतात. उशीर झाला तर प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवसांपर्यंत दावा देता येतो. तरी त्यावर विसंबू नका. पहिल्या यादीत नाव नसलं की पुढच्या प्रत्येक पायरीवर ‘आम्हीही आहोत’ हे सांगायला धावावं लागतं.

दावा भरण्याआधी प्रत्येकाच्या बँक पासबुकात पगार कुणाच्या नावाने जमा व्हायचा ते बघ. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात बिल्टी, म्हणजे मालाची पावती, एका नावाची, गाड्या दुसऱ्या नावावर आणि पगार तिसऱ्याच फर्मच्या खात्यातून, असं सर्रास असतं. सूचना ज्या कंपनीची आहे तिच्याकडून पगार येत असेल तर दावा आयआरपीकडे. शेठच्या घरच्या कुणाच्या नावावरच्या प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या, फर्ममधून येत असेल तर ती फर्म या प्रक्रियेत नाही. तिच्या मालकावर स्वतंत्रपणे कामगार आयुक्तांकडे जाता येतं आणि तिथे मालक स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार असतो. ठेकेदाराकडून आलेल्यांनी पहिलं मागणं ठेकेदाराकडेच करायचं. त्याने दिलं नाही तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, म्हणून त्यांनी आयआरपीकडेही दावा टाकून ठेवावा. माथाडी मंडळात नोंद असलेल्यांची मजुरी आणि लेव्ही मंडळामार्फत येते. त्यांनी आपल्या मंडळाच्या ऑफिसात जाऊन थकबाकी किती दिसते ते विचारावं. वसुलीचा अधिकार मंडळाला आहे.

कामगाराने एकट्याने दावा द्यायचा तर फॉर्म डी. सगळ्यांच्या वतीने एकाने द्यायचा तर फॉर्म ई, सोबत प्रत्येकाचं नाव, रक्कम आणि कागद. तुमच्यासाठी फॉर्म ई सोयीचा. फी नाही. ‘टक्केवारीवर काढून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव. एक अडचण लक्षात ठेव: पुढे कंपनी विकत घेणारा कुणी मिळाला नाही आणि लिक्विडेशनचा, म्हणजे कंपनी मोडून तिची मालमत्ता विकण्याचा, आदेश झाला, तर फॉर्मची अक्षरं बदलतात. तिथे एकट्याचा फॉर्म ई आणि सगळ्यांचा एफ. जुना ई नव्या जागी देऊ नका. त्या वेळी दाव्यासाठी ३० दिवस असतात.

आता रक्कम. ‘चार महिन्यांचा पगार बाकी’ एवढंच लिहून माणसं मोकळी होतात आणि बाकीचे पैसे सुटतात. थकीत पगार, दुप्पट दराचा ओव्हरटाइम, शिल्लक रजेचे पैसे, बोनस, न मिळालेला ट्रिप भत्ता, खिशातून भरलेलं डिझेल, टोल, पंक्चर, सगळं वेगवेगळ्या ओळीत लिही. घेतलेली उचलही प्रामाणिकपणे वजा दाखव. ती लपवली आणि कंपनीच्या वह्यांत सापडली की अख्ख्या दाव्यावर शंका येते.

ग्रॅच्युइटी अशी काढायची: शेवटचं महिन्याचं वेतन, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा. वेतन १८,००० आणि नोकरी ९ वर्षं ८ महिने असेल तर १० वर्षं धरून १,०३,८४६ रुपये होतात. साधारण अट पाच वर्षांची. मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही हक्क आहे. स्लिपवर मूळ पगार मुद्दाम सात-आठ हजार दाखवून उरलेलं भत्त्यांत टाकलं असेल तर तेवढ्यावरच हिशोब करू नकोस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनात धरला जातो.

छाटणीची भरपाई म्हणजे दर वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. इथे भागाकार ३० ने होतो, म्हणून त्याच माणसाचे ९०,००० होतात. पण ती नोकरी गेल्यावरच देय होते. आज कंपनी चालू धरलेली आहे, तर ती लगेच मागता येणार नाही. लिक्विडेशनचा आदेश झाला की तो कायद्याने सगळ्यांना कामावरून कमी केल्याची नोटीस मानला जातो. तेव्हा ती ओळ घालायची. म्हणूनच आत्ता कुणी राजीनामा देऊ नये. ‘सही करा, फुल अँड फायनल लवकर निघेल’ असं म्हणत छापील कागद पुढे केला जातो. त्यावर सही झाली की ‘स्वतःहून नोकरी सोडली’ असं धरतात आणि ही भरपाई हातची जाते.

पैसे कुठून येणार हे नीट समजून घे, कारण ते एकाच पेटीतून येत नाहीत. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. दिवाळखोरी संहितेचं कलम ३६ तसं सांगतं आणि एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्यावर बँकेचा हात पडत नाही. मात्र कंपनीने ग्रॅच्युइटीचा वेगळा फंड किंवा एलआयसीची ग्रुप पॉलिसी केलीच नसेल तर वाद होतो. अकाउंट्सवाल्याकडून पॉलिसी नंबर आजच मिळव. पीएफसाठी प्रत्येकाचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, घालून पासबुक उघड. पगारातून १२ टक्के कापले आणि भरले नाहीत, तर तो फौजदारी गुन्हा आहे. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, तक्रार पोर्टलवर महिनेवार तक्रार टाक आणि पगाराची स्लिप जोड.

बाकी पगाराचा क्रम त्याच संहितेचं कलम ५३ ठरवतं. लिक्विडेशनमध्ये आधी प्रक्रियेचा खर्च निघतो. त्यानंतर आदेशाच्या मागच्या २४ महिन्यांची कामगारांची देणी आणि तारण सोडून दिलेले बँकवाले एकाच पायरीवर, समान प्रमाणात. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांची, म्हणजे ब्रँच मॅनेजरसारख्यांची, मागच्या १२ महिन्यांची देणी त्याच्या खालच्या पायरीवर. पदाचं नाव बघत नाहीत, काम बघतात. कार्डावर ‘सुपरवायझर’ छापलेला माणूस दिवसभर माल मोजून बिल्ट्या फाडत असेल, तर त्याने कामगार म्हणूनच दावा करावा आणि काम काय होतं ते दोन ओळींत लिहावं.

हे २४ महिने लिक्विडेशनच्या तारखेपासून मागे मोजतात, हे कुणी सांगत नाही. मधली प्रक्रिया १४ महिने लांबली आणि त्या काळात काम नसलं, तर त्याआधीच्या फक्त १० महिन्यांची थकबाकी वरच्या पायरीवर राहते. त्याहून जुनी खाली घसरते. म्हणून जुनी थकबाकी साठत असताना गप्प बसणं महागात पडतं.

आणि गाड्या. ट्रान्सपोर्ट कंपनीकडे विकण्यासारखं दुसरं काय असतं? यार्ड भाड्याचं, ऑफिस भाड्याचं. प्रत्येक गाडीच्या आरसीवर फायनान्सवाल्याचं नाव चढलेलं असतं. प्रक्रिया चालू असताना त्याला गाडी ओढून नेता येत नाही. पण लिक्विडेशनमध्ये तो तारण न सोडता गाडी स्वतः विकू शकतो. तेव्हाही कामगारांचा वाटा त्याला लिक्विडेटरकडे, म्हणजे मालमत्ता विकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, भरावा लागतो, पण हातात थोडंच येतं. कर्ज फिटलेल्या गाड्यांची नंबरांसह यादी करून आयआरपीला दे, म्हणजे एखादी परस्पर विकली जाणार नाही. पूर्ण रक्कम मिळेल असं कुणालाही सांगू नकोस. जेट एअरवेजच्या कर्मचाऱ्यांना पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी असा आदेश २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. तरी खरेदीदाराची योजना अमलात आली नाही आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी लिक्विडेशनमध्ये गेली. हक्क पक्का असला तरी पैसे हातात येईपर्यंत धीर लागतो. तो धीर घरच्यांना आधीच सांगून ठेवावा लागतो. ज्यांचा ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जायचा त्यांनी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेची चौकशी करावी. कंपनी बंद पडून किंवा छाटणीत नोकरी गेली, तर अटी पूर्ण करणाऱ्याला पहिले १२ महिने वेतनाच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता मिळतो.

आयआरपीने गाड्या चालू ठेवल्या आणि तुम्ही खरोखर काम केलंत, तर त्या दिवसांचा पगार प्रक्रियेच्या खर्चात, म्हणजे सगळ्यांच्या आधी येतो. नुसतं नाव पटावर असून चालत नाही. म्हणून हजेरीच्या दोन वेगळ्या वह्या ठेव: प्रक्रिया सुरू होण्याच्या तारखेपर्यंतची एक, त्यानंतरची दुसरी. दुसऱ्या वहीत रोज गाडी नंबर, बिल्टी नंबर, कुठून कुठे आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे चार रकाने भर.

रोखीने पगार घेणाऱ्यांचा पुरावा उभा करायला वेळ लागतो, त्यांच्यापासून सुरुवात कर. ट्रिप शीट, ई-वे बिलावरचा गाडी नंबर, फास्टॅगचं स्टेटमेंट, पंपावरच्या स्लिपा, ‘उद्या वापीला निघ’ असे मुकादमाचे व्हॉट्सॲप मेसेज, माल उतरल्याची पोच. ऑफिसचं कॉम्प्युटर कधीही बंद होईल. प्रत्येक ड्रायव्हरचे फक्त त्याच्या स्वतःच्या ट्रिपचे कागद फोटो काढून ठेव, मूळ फायली जागेवर राहू दे.

ज्यांच्या गाड्या अजून वाटेत आहेत त्यांना आजच फोन कर. पगार अडकला म्हणून गाडी किंवा माल अडवायचा नाही. विश्वासघाताचा गुन्हा ड्रायव्हरवर दाखल होतो आणि त्याचं स्वतःचं मागणं मागे पडतं. माल पोचवायचा, पोचवर शिक्का घ्यायचा, गाडी यार्डात लावायची. चावी देताना साध्या कागदावर लिहून घ्यायचं: गाडी नंबर, किलोमीटरचं रीडिंग, टाकीतलं डिझेल, टायर किती आणि स्टेपनी आहे का, आरसी-इन्शुरन्स-परमिटचे कागद, तारीख, वेळ, घेणाऱ्याची सही. मीटरचा आणि टायरांचा फोटो काढायचा. हा कागद नसेल तर सहा महिन्यांनी हरवलेल्या दोन टायरांचे पैसे त्याच्याच दाव्यातून वजा होतील.

दावे ईमेलने पाठव आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टानेही. प्रत्येकाचं आधार, पॅन, चालू बँक खातं आणि आयएफएससी दोनदा तपास. ज्या खात्यात कंपनी पगार टाकायची ते बंद पडलं असेल तर नवं दे. शेवटच्या तारखेनंतर सात दिवसांत आयआरपीने दावे तपासायचे असतात आणि यादी त्याच्याकडे बघायला मिळते. रक्कम कापली असेल तर कारण लेखी माग, त्याविरुद्ध एनसीएलटीत जाता येतं. तू पाठवलेल्या फोटोत शेवटची तारीख सोमवारची दिसते. शुक्रवारी दुपारपर्यंत सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेव. शनिवारी अर्धे जण गावाला गेलेले असतील.

तुझा,
काका