आधी पासवर्ड मुलाला परत करा

प्रश्न : मी कोपरखैरण्याला राहतो, तुर्भ्याच्या मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब बघतो. मुलगा बीएससी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे, ५८ टक्क्यांवर अडकलाय. म्हणतो, क्लाऊड सिक्युरिटीत, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या कॉम्प्युटरवरच्या माहितीच्या सुरक्षेत, जायचंय. पण हल्ली कंपन्यांचं सॉफ्टवेअर ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्टकडेच असतं, सुरक्षाही तेच बघतात. मग याला नोकरी कोण देणार? बँकेच्या परीक्षांना बस म्हटलं तर ऐकत नाही. शिस्त लागावी म्हणून त्याच्या ईमेलचा पासवर्ड मी माझ्याकडे ठेवलाय. त्याला समजवा.

उत्तर : तुमचं पत्र मुलाच्याच ईमेलवरून आलं आणि खाली सही तुमची. टक्के राहू देत, मी आधी तिथेच अडखळले. उद्या त्याला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं, तर ते पहिल्यांदा तुम्ही वाचणार. नकार आला तरी तुम्हीच. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाला स्वतःचा नकारसुद्धा वडिलांकडून कळावा? आणि 'पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही' हा ज्या कामाचा पहिला धडा, तो धडा त्याला घरातच मोडायला लावलाय तुम्ही. रागावलात तरी चालेल, पण याला मी पाळत म्हणते.

आता तुमचा मुद्दा. सोसायटीला वॉचमन आहे, गेट आहे, कॅमेरे आहेत. म्हणून तुम्ही दार सताड उघडं टाकून गावाला जाता का? ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरची, म्हणजे असे कॉम्प्युटर ठेवायच्या जागांची, इमारत, वीज, यंत्रं सांभाळणं हे पुरवठादाराचं काम. पण आत कोणाला प्रवेश, कोणती माहिती कोणाला दिसणार, हे ज्या कंपनीची माहिती तिनेच ठरवायचं असतं. २०२४ मध्ये इतर कंपन्यांचा डेटा क्लाऊडवर सांभाळणाऱ्या स्नोफ्लेक या कंपनीच्या अनेक ग्राहकांचा डेटा चोरीला गेला. चोर आत शिरले ते आधीच चोरलेल्या पासवर्डने, आणि त्या खात्यांना ओटीपीसारखी दुसरी पडताळणीच लावलेली नव्हती. लांब कशाला, ठाण्यात माझ्याच ऑफिसात अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं आहे. नोकरी सोडून गेलेल्या मुलीचं लॉगिन आमच्याकडे पाच महिने चालू होतं. तिने काही केलं नाही, हे आमचं नशीब. ते बंद करायचं काम सॉफ्टवेअरवाल्यांचं नव्हतं, माझं होतं.

असली कामं करायला माणसं लागतात. डेटाचोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायचं, असा २०२२ पासून नियम आहे, म्हणजे ती लक्षात येण्यासाठी कोणीतरी लॉग, म्हणजे कोण कधी आत शिरलं याच्या नोंदी, बघत बसलेलं हवं. तुम्हाला तर हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. चेक लिहिणारा एक, सही करणारा दुसरा, महिनाअखेरीला बँकेच्या पासबुकाशी मेळ. सिक्युरिटीवालेही हेच करतात, फक्त रुपयांऐवजी परवानग्यांचा मेळ घालतात. पुरवठादाराचा जाडजूड ऑडिट रिपोर्ट वाचून त्यातली पळवाट शोधायची, हे कंटाळवाणं काम आहे. हॅकिंगचे व्हिडिओ बघून मुलगा भुलला असेल, तर तो लवकर वैतागेल. हे मात्र त्याला विचारा, आणि विचारताना टक्क्यांचा विषय काढू नका.

वाट म्हणाल तर एमसीएची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. बँकेची परीक्षा त्याला द्यावीशी वाटली तर देईल. 'शंभर टक्के नोकरी' सांगून लाखभर मागणाऱ्या क्लासच्या पायऱ्या चढू नका. त्याआधी त्याने क्लाऊडवर मोफत खातं उघडून एक छोटं ॲप चढवावं, स्वतःच त्याच्या सुरक्षेतली चार भोकं शोधावीत आणि ती कशी बुजवली ते दोन पानांत लिहून मला पाठवावं. ५८ टक्क्यांपेक्षा ती दोन पानं मला जास्त सांगतील.

ती पानं त्याने स्वतःच्या ईमेलवरून पाठवावीत, नवा पासवर्ड लावून. आणि हे उत्तर त्याच्या इनबॉक्समध्ये आधी तुम्हीच उघडलं असेल, तर वाचून झाल्यावर 'न वाचलेलं' अशी खूण करून ठेवू नका. त्याला हाक मारा आणि दाखवा.