भिंतीवरच्या सतरा चिठ्ठ्या

अमळनेर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

अभ्यासिकेतल्या तुझ्या टेबलाचा फोटो मिळाला. भिंतीवर लावलेल्या सुविचारांच्या चिठ्ठ्या मोजल्या, सतरा भरल्या. मैत्रिणी हसतात, काढून टाकू का, असं विचारलंस. एवढ्यात काढू नकोस. तीस वर्षं मी रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिला. पोरं वहीत आणखी काही उतरवोत न उतरवोत, तो मात्र उतरवून घेत. असं का होत असेल, हा प्रश्न मलाही तेव्हापासूनचा.

थोडी करामत कानाची असते. २००० साली मॅकग्लोन आणि तोफिगबख्श या मानसशास्त्रज्ञांनी यमकाच्या इंग्रजी म्हणी घेतल्या आणि अर्थ तोच ठेवून यमक मोडलं. लोकांना ती म्हण आधीइतकी खरी वाटेना. तेव्हा एखादी ओळ फार भावली, तर ती एकदा घरच्या बोलीत, यमकाशिवाय म्हणून बघ. तरीही पटली तर खुशाल लाव.

दुसरं असं की ही वाक्यं सैल शिवलेली असतात, कुणाच्याही अंगाला बसतात. १९४८ साली बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि ‘हे तुझं स्वभाववर्णन’ म्हणून प्रत्येकाला एकच मजकूर दिला. तो किती जुळतो, याला पोरांनी पाचपैकी सरासरी चाराहून जास्त गुण दिले! म्हणून ‘ही ओळ माझ्यासाठीच लिहिलीय’ असं वाटलं, तर त्यातलं बरंचसं तूच तुझ्या पदरचं घातलेलं असतं. यात लाजण्यासारखं काही नाही. उलट तुझ्या मनात काय चाललंय, ते त्यातूनच कळतं.

पण मला वाटतं, खरी ओढ ओळीची नसतेच. ती म्हणणाऱ्या माणसाची असते. रात्री दहाला, गणित सुटत नसताना, ‘चल, पुढे चल’ म्हणणारं कुणी जवळ नसतं, म्हणून आपण भिंतीकडे बघतो. साने गुरुजी आपल्या अमळनेरला शिक्षक होते, हे तुला ठाऊक आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार. समोर बसलेले कैदी. सांगणाराही कैदी, ऐकणाराही कैदी; त्या शब्दांचं वजन तिथलं आहे. असोद्याच्या बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. चूल, जातं आणि शेत यांतून जे ओठांवर आलं, ते त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपलं म्हणून १९५२ साली, त्या गेल्यानंतर, आपल्या हाती आलं. आज त्यातल्या दोन ओळी सूर्योदयाच्या चित्रावर फिरतात आणि ती बाई, ती चूल मागेच राहते. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या वडिलांचं सांगतो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नापास झालो, त्याच आठवड्यात वेचलेला कापूस पावसात भिजला. वडील ओट्यावर ओला कापूस पसरत होते. निकाल सांगितला. त्यांनी मान वर केली नाही, ‘व्हई जाई’ (होऊन जाईल) एवढंच म्हणाले आणि थोडा कापूस माझ्याकडे सरकवला. दोघं अंधार पडेपर्यंत बोंडातला कचरा काढत बसलो. ते दोन शब्द मी कधीच फळ्यावर लिहिले नाहीत. त्या ओल्या कापसाशिवाय ते पोरांना कसे कळणार?

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते. सुंदर ओळ वाचली की छाती भरून येते आणि आज काहीतरी केलं असं वाटतं. तेवढ्यावर पुस्तक मिटतं. ज्या रात्री नवी चिठ्ठी लावलीस, त्या रात्री पानं किती झाली, ते बघत जा.

आता एक काम कर. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे ती कधी लावली आणि त्या दिवशी काय झालं होतं, ते पेन्सिलीनं लिही. जिच्यामागे काहीच आठवणार नाही, ती उतरव. उरतील त्या दिवाळीला येताना घेऊन ये. वेचणी सुरू असेल. संध्याकाळी ओट्यावर बसून वाचू. तुझी काकू विचारत होती, डबा वेळेवर मिळतो ना?

तुझा,
सर