चाळिशी लागली, पण लेन्स सोडवत नाही

प्रश्न: मॅडम, माझं वय 46, दोन्ही डोळ्यांना मायनस 3.5 नंबर, कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स लावते. शाळेत शिकवते. हल्ली लेन्स घातली की शेवटच्या बाकावरची मुलं स्पष्ट दिसतात पण गोळ्यांच्या पाकिटावरची एक्सपायरी डेट काही केल्या वाचता येत नाही, आणि रात्री लेन्स काढली की तेच पाकीट नाकाजवळ धरून वाचते. मल्टिफोकल लेन्स घ्याव्यात का? मैत्रिणीने दोन दिवसांत सोडून दिल्या. – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, तुमचे डोळे बिघडलेले नाहीत, ही चाळिशीच आहे. डोळ्यातलं भिंग वयानुसार कडक होतं, जवळचं बघताना पूर्वीसारखं फुगत नाही. मायनस 3.5 वाल्याला उघड्या डोळ्याने साधारण 28 सेंटिमीटरवरचं आपोआप स्पष्ट दिसतं, म्हणून रात्री पाकीट वाचता येतं, लेन्स घातली की ती सोय गेली.

आता मल्टिफोकल. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात, म्हणजे ज्याच्या काचेत वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असतो त्यात, आपण खाली बघून वाचतो, पण कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळावरच बसते, नजर फिरेल तशी तीही फिरते, त्यामुळे तिथे जवळचा आणि लांबचा नंबर एकाच भिंगात गोल गोल वर्तुळांत दिलेला असतो, बऱ्याच सॉफ्ट लेन्समध्ये मधोमध जवळचा. दोन्ही चित्रं एकदमच डोळ्यात शिरतात आणि हवं ते निवडायला मेंदूला शिकावं लागतं, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात हो! मैत्रिणीने दोन दिवसांत सोडल्या ते मला फार घाईचं वाटतं. त्या दिवसांत एक डोळा झाकून बघत बसू नका, दोन्ही डोळे उघडे ठेवूनच वाचा.

घेण्याआधी ट्रायल मागाच. आणि ट्रायलला जाताना ते गोळ्यांचं पाकीट, मोबाईल, हजेरीपट सोबत न्या, तक्त्यावरची अक्षरं वाचून काही कळत नाही, लेन्स घालून दुकानाबाहेर या, रस्त्यापलीकडची पाटी वाचा, मग मोबाईल बघा, आणि शक्य असेल तर ट्रायल लेन्स घरी नेऊन चार दिवस वापरा. तुमच्या वयाला जवळचा जादा नंबर साधारण प्लस 1.25 ते 1.5 लागतो, तो उगाच वाढवून घेऊ नका, लांबचं धूसर होतं. सिलिंडरचा नंबर (बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्यामुळे लागणारा) असेल तर आधी सांगा, त्याची लेन्स वेगळी येते.

एक गोष्ट मी कोणापासून लपवत नाही, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती वलयं दिसू शकतात आणि अंधारात थोडं फिकटही दिसतं. रात्री कसारा घाटातून स्वतः गाडी चालवणार असाल तर सवय होईपर्यंत नकोच. पाळी जायच्या वयात डोळे कोरडे पडतात, तेही तपासून घ्या, कोरड्या डोळ्यात उत्तम लेन्ससुद्धा टोचते. आणि इतकी वर्षं लावताय तरी सांगते, नळाचं पाणी लेन्सला लावू नका, डबीत जुन्या सोल्युशनवर नवीन ओतू नका, काजळ लेन्स घातल्यावरच लावा.

नाहीच जमलं तर आत्ताच्याच लेन्सवर वाचण्यापुरता प्लसचा साधा चष्मा लावा, पर्समध्ये एक आणि शाळेच्या ड्रॉवरमध्ये एक. त्यात कमीपणा काही नाही, माझ्या कितीतरी पेशंट्स तसंच करतात.